फोन बंद, रस्ता बंद : अशा वेळी हौशी रेडिओ



मृग नक्षत्र तोंडावर आले की आपण बियाणे, खते आणि औजारांची जुळवाजुळव करतो. ताली दुरुस्त करतो, गोठ्याचे छप्पर शाकारतो. परंतु डोंगरकुशीतील गावांनी पावसाळ्यापूर्वी आणखी एका गोष्टीचा विचार करून ठेवणे आवश्यक आहे. रस्ता तुटला, वीज गेली आणि मोबाईलही बंद पडला, तर गावाची खबर बाहेर कशी जाणार?

पुणे जिल्ह्याला या प्रश्नाची किंमत माहीत आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ जणांचा बळी गेला. ही खबर बाहेर पोहोचली ती त्या रस्त्याने आलेल्या एस. टी. चालकामुळे. त्याला नेहमीचे गाव जागेवर दिसले नाही आणि त्याने ते कळविले. गाडी त्या दिवशी आली नसती तर आणखी वेळ गेला असता. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली, तेव्हा महाड शहर पुराच्या पाण्यात होते. रस्ते बंद होते. मदत पथके दुसऱ्या दिवशी पोहोचली.

अशा प्रसंगी उपयोगी पडणारे एक जुने पण भरवशाचे साधन म्हणजे हौशी रेडिओ. यालाच ‘हॅम रेडिओ’ असेही म्हणतात.

मोबाईल का बंद पडतो?

मोबाईलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेल्यावर त्याची बॅटरी काही तास टिकते. नंतर जनित्र लागते आणि जनित्राला डिझेल. रस्ता तुटला की डिझेल पोहोचत नाही. बऱ्याच ठिकाणी मनोऱ्याला जोडणारी केबल रस्त्याच्या कडेनेच गेलेली असते. दरडीबरोबर तीही तुटते. मनोरा सुरू राहिला तरी एकाच वेळी शेकडो लोक फोन लावू लागतात आणि कोणाचाच लागत नाही. थोडक्यात, आपला फोन चांगला असला तरी मधली साखळी तुटते. हौशी रेडिओत अशी मधली साखळी लागत नाही. एक संच, एक तार आणि एक बॅटरी इकडे, तसेच तिकडे. एवढ्यावर काम होते.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

आकाशवाणी आपण फक्त ऐकतो. हौशी रेडिओवर ऐकता येते आणि बोलताही येते. त्यासाठी काही ठराविक लहरी राखून ठेवलेल्या आहेत. परवाना मिळालेल्या प्रत्येकाला स्वतंत्र संकेतनाम मिळते. भारतातील संकेतनामांची सुरुवात बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हौशी रेडिओचालक होते. त्यांचे संकेतनाम ‘व्हीयू २ आरजी’ असे होते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. हा रेडिओ धंद्यासाठी नाही. मार्केट यार्डातील कांद्याचा भाव विचारणे किंवा ट्रकची जुळणी करणे यासाठी तो वापरता येत नाही. शिकणे, प्रयोग करणे आणि संकटात लोकांच्या उपयोगी पडणे हाच त्याचा हेतू आहे.

आतापर्यंतचा अनुभव

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्या वेळी हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास मदत केली. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपातही त्यांनी हेच काम केले. सर्वांत बोलके उदाहरण अंदमानचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हेतू छंदाचा होता : दूरदूरच्या देशांतील लोकांशी संपर्क साधणे. २६ डिसेंबरला सुनामी आली आणि बेटांवरील दूरध्वनी बंद पडले. त्यांचा संच तयार होता, तार वर बांधलेली होती आणि तो चालविणारी माणसे सरावातली होती. आप्तांच्या खुशालीचे निरोप त्यांनी मुख्य भूमीपर्यंत पोहोचविले. संकट आल्यावर संच आणून शिकायला बसले असते तर हे झाले नसते.

डोंगराळ भागात लहरी कशा जातात?

हौशी रेडिओचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत.

१) हातातील लहान संच : हा साधारणपणे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो. याच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभारला तो याच कारणासाठी, कारण उंचावरून सरळ रेषेत दूरवरचा मुलूख टप्प्यात येतो. ५ वॉटचा हातातील संच एका खोऱ्यातील वाड्यांमध्ये किंवा शोधपथकात बोलण्यासाठी चांगला. डोंगरापलीकडे जायचे तर उंच ठिकाणी पुनःप्रक्षेपक लागतो.

२) लघुलहरींचा संच : हा ७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. याच्या लहरी आकाशातील विद्युतभारित थरावरून, म्हणजे आयनांबरावरून, परत फिरतात. तार फार उंच न बांधता जमिनीपासून ३ ते ५ मीटरवर आडवी बांधली, तर बहुतेक लहरी सरळ वर जातात आणि सभोवार खाली उतरतात. तुषार सिंचनाचा फवारा वर जाऊन चहूबाजूंनी पडतो, तसाच हा प्रकार. त्यामुळे समोर कडा असला तरी अडचण येत नाही. दिवसा या पद्धतीने दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात बोलता येते. भीमाशंकरच्या कुशीतून पुणे शहराशी संपर्क साधण्यास ही रीत सोयीची आहे. रात्री हा थर विरळ होतो, म्हणून ३.५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वापरावा.

७ मेगाहर्ट्झसाठी तारेची एकूण लांबी सुमारे २० मीटर लागते. मध्यभागी तोडून प्रत्येकी १० मीटरचे दोन भाग करतात आणि तेथे संचाची केबल जोडतात. शेतातील दोन झाडे किंवा बांबू यासाठी पुरेसे होतात.

विजेची सोय

बहुतेक संच १२ व्होल्टवर चालतात. ट्रॅक्टरची बॅटरी येथे उपयोगी पडते. १०० वॉटचा संच पूर्ण ताकदीने बोलताना सुमारे २० अँपियर घेतो, ऐकताना मात्र फारच कमी. म्हणून ऐकावे जास्त आणि बोलावे कमी. काम होत असेल तर ताकद कमी ठेवावी, म्हणजे बॅटरी अधिक काळ टिकते.

निरोप कसा द्यावा?

‘लवकर या, फार मोठे नुकसान झाले,’ या निरोपाचा मदत पथकाला काही उपयोग होत नाही. निरोप आधी कागदावर लिहावा आणि मग वाचावा. नमुन्यादाखल : ‘वेळ सकाळी ६ वाजून ४० मिनिटे. उत्तरेकडील वाडीवर दरड. १२ घरे गाडली. ४ जण बाहेर काढले, २ गंभीर. घाटरस्ता ओढ्याच्या पुलाजवळ तुटला. पूर्वेकडून जीप येते. जेसीबी, डॉक्टर आणि दिवे हवेत. निरोप देणार पोलीस पाटील.’ आकडे दोनदा सांगावेत आणि समोरच्याकडून निरोप परत वाचून घ्यावा. ऐकीव माहिती असेल तर तसे स्पष्ट सांगावे. मृतांची नावे रेडिओवर उच्चारू नयेत, कारण ती कोणीही ऐकू शकतो.

परवाना

परवान्याशिवाय हा संच चालविण्यास कायद्याने मनाई आहे. परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेली मुले-मुलीही परीक्षेस बसू शकतात. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम हे अभ्यासाचे मुख्य विषय आहेत. दहावीला विज्ञान शिकलेल्या मुलाला ते जड जाऊ नयेत. पुण्यात अनुभवी रेडिओचालक बरेच आहेत. नवीन माणसाने त्यांच्याजवळ बसून ऐकण्यापासून सुरुवात करावी.

गावाने काय करावे?

• संच एकट्या धोक्याच्या गावात ठेवून भागत नाही. माळीणमध्ये निरोप देणारे घरच उरले नसते. म्हणून एका खोऱ्यातील तीन-चार गावांत मिळून निदान दोन परवानाधारक असावेत आणि त्यांनी एकमेकांच्या गावांवर लक्ष ठेवावे.
• पावसाळ्यात ठरलेल्या वेळी रोज हाक द्यावी. ठरलेल्या वेळी एखाद्याचे उत्तर आले नाही, तर तीही एक खबरच समजावी आणि चौकशी करावी.
• तहसील कार्यालय व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षास परवानाधारकांची माहिती आधीच द्यावी.
• तार विजेच्या वाहिन्यांपासून दूर बांधावी. विजा चमकू लागताच केबल संचापासून काढून ठेवावी.
• बॅटरी, वही, पेन्सिल आणि विजेरी प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावी.

रेडिओ डोंगर थांबवू शकत नाही. तडे गेलेल्या उताराखालून वेळीच बाहेर पडणे याला पर्याय नाही. परंतु दरड कोसळल्यानंतर ढिगाऱ्याखालील माणसासाठी एकेक तास मोलाचा असतो. ते तास खबर पोहोचण्यात जाऊ नयेत. आपल्या खोऱ्यात यंदा एका तरुणाला किंवा तरुणीला या परीक्षेस बसवावे. बियाण्याप्रमाणेच ही तयारीही पावसापूर्वीच झालेली बरी.