बरखास्तीचे महिने

मृगाचे पाणी सीमाभागातील खानापूर तालुक्यात एकदा उतरले, की गुंजीपासून लोंढ्यापर्यंतच्या पट्ट्यात मैदानी खेळांचा सर्व कारभार आपोआप तहकूब होतो. माऊली देवीच्या गुंजी गावाभोवतालची शिवारे चिखलणीला आणि नट्टीला लागतात. सुगी आटोपल्यावर ज्या मोकळ्या जागेवर फक्कीच्या रेषा आखून कबड्डीचे सामने रंगतात, तिच्यावर पाणी साचते. आणि जी पोरे माघ-फाल्गुनात परस्परांची मनगटे धरून डोळ्यांत तेल घालून उभी असतात, तीच आता कंबर वाकवून रोपे लावू लागतात. खेळ थांबला तरी खेळाविषयीचा वाद मात्र थांबत नाही, उलट पावसामुळे त्याला अधिकच सवड मिळते. आणि 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून या वादात एक विषय दरवर्षी ठाण मांडून बसलेला असतो. हंगाम संपला, खेळाडू पांगले, लिलाव तोंडावर आला. आता आपल्या संघाच्या बचावाचे काय?

चढाईविषयी हा प्रश्न इतक्या कळकळीने कोणी विचारत नाही, आणि तेही योग्यच आहे. चढाई हे एकट्याचे कर्तृत्व; चढाईपटू संघ बदलतो तेव्हा आपला दम, आपली चपळाई आणि आपली फसवी पावले बरोबर घेऊन जातो, आणि नव्या संघात दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती वापरू शकतो. बचावाचे तसे नाही. 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद अशा मैदानाच्या एका अर्ध्या भागात सात माणसे तीस सेकंदांकरिता एका देहाप्रमाणे हलतात. त्यांतील कोणाचेही कसब शेजाऱ्याच्या कसबावाचून पूर्णत्वाला जात नाही. दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आत मध्यरक्षक, आणि या सर्वांना जोडणारी साखळी ही रचना कागदावर कोणालाही काढून दाखविता येते. परंतु कोणत्या क्षणी कोणी हात सोडावा, कोणी पुढे यावे आणि कोणी जागचे हलू नये, याची जाण केवळ सहवासातून येते, आणि सहवास हा कोणत्याही लिलावात मांडला जात नाही.

एक साधी घोट्याची पकड जवळून पाहावी. कोपऱ्यातील जाणता गडी चढाईपटूच्या पंजाकडे पाहत नाही, कमरेकडे पाहतो. कारण हाताने व खांद्याने फसविता येते, कमरेने फसविणे अवघड असते. चढाईपटू बोनस रेषेच्या लोभाने एक पाय पुढे टाकतो, त्याचा सर्व भार क्षणभर मागच्या पायावर येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कोपऱ्यातला गडी खाली बसून दोन्ही हातांनी घोटा कवटाळतो व छाती नडगीला भिडवितो. प्रेक्षक येथे टाळी वाजवितात, परंतु पकड अद्याप झालेली नसते. ऐंशी किलो वजनाचा माणूस एका पायावर उसळी मारून, पकडणाऱ्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेऊ शकतो. शेजारचा मध्यरक्षक पुढच्या अर्ध्या क्षणात त्याच्या परतीच्या वाटेवर आडवा झाला, तरच गुण मिळतो. तो हुकला, किंवा घाईने हात लावून मोकळा झाला, तर एकाऐवजी दोघे बाद होऊन बाहेर बसतात. पकड कोपऱ्याच्या नावावर जमा होते. ती यशस्वी करणाऱ्या शेजाऱ्याचे नाव पुष्कळदा दप्तरी लागत नाही.

बचावातली अशी जोडी टिकविण्याचे मोल काही खेळाडूंनी फार लवकर ओळखले होते. 2015 साली यू मुंबाने विजेतेपद मिळविले तेव्हा त्यांच्या दोन कोपऱ्यांवर मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा हे दोघे तैनात होते. पुढे ते यू मुंबातून निघाले, तरी 2016 साली बेंगळुरू बुल्समध्ये आणि त्यानंतर हरियाणा स्टीलर्समध्ये एकत्रच दिसले. मालक बदलले, गणवेश बदलला, गाव बदलले. समोरच्या कोपऱ्यातला माणूस तेवढा बदलला नाही.

परंतु असा योग दुर्मीळ. हंगाम संपताच करारांची मुदत संपते आणि संघाची एक प्रकारे बरखास्ती होते. काही खेळाडूंना राखून ठेवले जाते, काहींना मोकळे केले जाते, आणि उरलेले दप्तर लिलावाच्या मेजावर जाते. मधल्या महिन्यांत कोणी रेल्वेकडून, कोणी सेनादलाकडून, कोणी आपल्या राज्याकडून खेळतो. म्हणजे काल ज्याचे मनगट धरले होते त्याच्याच घोट्यावर आज झेप घ्यावी लागते. दुखावलेले खांदे आणि गुडघे यांच्याकडे पाहण्याचा काळही हाच. त्यात वजनाची 85 किलोंची मर्यादा कोणाचीही भीड ठेवीत नाही, आणि घरच्या दुधातुपावर सुटलेला बचावपटू शिबिरात हजर होतो तेव्हा पहिली झुंज त्याला तराजूशी द्यावी लागते.

पुणेरी पलटण हा या बाबतीत अभ्यासण्याजोगा संघ आहे. सीमाभागातील मराठी माणसाला त्यात एक खासगी गंमतही वाटते, कारण महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असताना, पुण्याच्या या पलटणीला तिचे पहिले विजेतेपद मिळवून दिले ते बी. सी. रमेश या कर्नाटकाच्या प्रशिक्षकाने. ऑक्टोबर 2023 च्या लिलावात पलटणीने मोहम्मदरेझा शादलुई या इराणी डाव्या कोपरारक्षकासाठी 2 कोटी 35 लक्ष रुपये मोजले. बचावपटूसाठी एवढी रक्कम ऐकून आमच्याकडे अनेकांनी तोंडात बोटे घातली. त्याने पकडीचे 99 गुण वसूल करून दिले, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबाद येथे हरियाणाला 28-25 असे हरवून पलटण विजेती झाली. सांगायला विसरू नये ते हे, की त्याच्याबरोबर उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, आणि मध्ये अबिनेश नादराजन व संकेत सावंत उभे होते, व त्यांचा सहवास त्याच्या आगमनाहून जुना होता.

त्यानंतरच्या बेमोसमात पलटणीने शादलुईला मोकळे केले. ऑगस्ट 2024 मध्ये हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लक्षांना घेतले, आणि 29 डिसेंबर 2024 रोजी, पुण्यातच, बालेवाडीला, हरियाणाने पाटणा पायरेट्सचा 32-23 असा पराभव करून करंडक उचलला. पलटण मात्र पहिल्या सहांतही आली नाही. कर्णधार अस्लम इनामदार जायबंदी झाला हे त्याचे एक कारण होतेच. तथापि पैसा ओतला की बचाव उभा राहतो, असा निष्कर्ष ज्यांनी त्या वेळी काढला त्यांनी हरियाणाचे दप्तर नीट वाचलेले नव्हते. जयदीप दहिया, राहुल सेठपाल आणि मोहित नंदल ही आदल्या वर्षी अंतिम सामना खेळलेली फळी हरियाणाने जशीच्या तशी राखली होती. शादलुई एका अखंड साखळीत येऊन बसला. पुढच्या लिलावात गुजरात जायंट्सने त्याला 2 कोटी 23 लक्षांना नेले. माणूस तोच, झेप तीच. गुजरात पहिल्या आठांतही आले नाही.

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो धक्काबुक्कीचा खेळ खेळतात, त्याचा कारभार या बाबतीत अधिक मुरलेला आहे. तेथे फेब्रुवारीत अंतिम सामना होतो, मार्चमध्ये करार फिरतात, एप्रिलमध्ये नवोदितांची निवड होते व तीत सर्वांत दुर्बळ संघाला पहिला मान मिळतो. मग सप्टेंबरमध्ये सामने सुरू होईपर्यंत अकरा जणांचा बचाव घडवीत बसतात. वसंतातील सरावात अंगाला अंग भिडविण्यास नियमानेच बंदी असते, म्हणून ते महिने कोणी कोठे उभे राहायचे, कोणत्या इशाऱ्यावर कोणी सरकायचे, हे पाठ करण्यात जातात. आपल्याकडे ऑगस्टमध्ये लिलाव आणि ऑक्टोबरमध्ये सामने असा 2024 चा हिशेब होता. एवढ्या अवधीत नव्या शेजाऱ्याचे नाव पाठ होते, त्याची सवय पाठ होत नाही.

2025 च्या हंगामापूर्वी पलटणीने प्रशिक्षक बदलला. अजय ठाकूर आले, रमेश बेंगळुरूला गेले. खत्री आणि अबिनेश मात्र जागेवर राहिले, आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. 31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत दबंग दिल्लीने त्यांना 31-28 असे हरविले, आणि शेवटच्या क्षणांत पलटणीची चढाई रोखणारा गडी होता फझल अत्राचली. 2018 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताला उपान्त्य फेरीत नमवून सुवर्णपदक नेणाऱ्या इराणी संघातला हा कोपरारक्षक 2022 साली पलटणीचाच होता. त्या वर्षीचा अंतिम सामना हरल्यावर त्याला मोकळे करण्यात आले होते. हा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडावा हे मी वाचकांवर सोपवितो. माझ्या मते तो निर्णय चुकीचा नव्हता, केवळ महागात पडला.

गुंजीतील वादात तरुण मंडळी लिलावाच्या बोलीवर डोळा ठेवून असतात, आणि कोणाला किती कोटी मिळाले यावरून करंडक वाटून टाकतात. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की लिलावाच्या आधी काही दिवस वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर राखून ठेवलेल्या खेळाडूंची जी रुक्ष यादी येते ती आधी वाचावी, आणि तीत एकाच संघाचे दोन कोपरे व दोन मध्यरक्षक शेजारी-शेजारी दिसले, तर त्या संघाला हलका समजू नये.