काठवटीचे तेल

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा हा डोंगराळ तालुका. नागलीची भाकरी हे तेथील नेहमीचे अन्न. पीठ मळण्यास लाकडी काठवट सोयीची असते. परंतु लाकूड सच्छिद्र असते. ते पाणी शोषून फुगते, वाळताना आकसते आणि अखेर तडकते. मग भेगांत पिठाचे कण कुजतात. म्हणून लाकडास संरक्षण हवे.

ते कशाचे द्यावे? शेंगदाण्याचे तेल लाकडात घट्ट होत नाही. ते खवट होते व त्याचा वास पिठास लागतो. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि छिद्रे बुजविते. ते पातळ लावावे, जादा तेल पुसून टाकावे व काठवट काही आठवडे हवेत वाळू द्यावी.

येथे दोन गोष्टींची सावधगिरी बाळगावी. रंगाच्या दुकानातील जवसतेलात ते लवकर सुकावे म्हणून पुष्कळदा धातूंचे क्षार मिसळतात. म्हणून खाण्याचे शुद्ध तेलच घ्यावे. तसेच तेलाच्या फडक्याचा बोळा करून ठेवू नये. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते व बोळा आपोआप पेटू शकतो. फडके पाण्यात भिजवावे किंवा बाहेर पसरून वाळवावे.

मेणही पाणी अडविते; पण मधमाश्यांचे मेण सुमारे ६४ अंश सेल्सिअसला वितळते. लाखेस सुंदर चकाकी असते. तीही उष्णतेने मऊ होते. पीठ मळण्यासाठी कढत पाणी घेतले, तर ही दोन्ही टिकत नाहीत.

तात्पर्य, स्वयंपाकाच्या लाकडाची निवड चकाकीवरून करू नये. जे अन्नात उतरले तरी अपाय करीत नाही, तेच त्यास लावावे.