बहात्तर पाहिलेली माणसं

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात साठी ओलांडलेल्या माणसांची आधार कार्डं पाहिली, तर बऱ्याच जणांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. तो दिवस १ जून. पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी अंगापिंडावरून वयाचा अंदाज बांधत आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. खरं वय आईला माहीत असे. पण तिच्या हिशेबात तारखा नव्हत्या, घटना होत्या. कुणी गांधीवधाच्या साली जन्मलेलं, कुणी पानशेत फुटलं त्या पावसाळ्यात.

ज्यांना आपलं वय नेमकं किती हेच ठाऊक नाही, त्यांना म्हातारपण जाणवतं तरी कधी? संशोधकांनी हा प्रश्न जगभर विचारला आहे. डेन्मार्कमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाळिशीपुढची माणसं स्वतःला खऱ्या वयापेक्षा साधारण वीस टक्क्यांनी तरुण समजतात, असं दिसलं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी ओहायो राज्यातल्या एका गावातल्या पन्नाशीपुढच्या माणसांची माहिती तपासली. आपल्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेनं पाहणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले, हा त्यांचा २००२चा निष्कर्ष आजही चर्चेत असतो.

नगरकडच्या पारावर मात्र म्हातारपणाची खूण वेगळीच सांगितली जाते. गुडघे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, ते सगळं सोसता येतं. ‘आता आम्हाला कोण इचारतंय?’ हे वाक्य तोंडात आलं की माणूस खरा म्हातारा झाला. घरातल्या, शेतातल्या, गावातल्या निर्णयातून बाजूला पडणं हेच त्याला वय वाटतं. आशा टिकते की विझते, हेही बरंचसं तिथंच ठरतं.

आशेचा विषय निघाला की या जिल्ह्यातला म्हातारा माणूस बहात्तरच्या दुष्काळावर येतोच. लागोपाठची वर्षं पावसानं दगा दिला होता. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला नाहीतर कसायाला गेली. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो, कामावर सुकडी आणि दिवसभर खडी फोडणं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्याच अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, पुढे देशभर गेलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचं मूळ तिथंच आहे. त्या कामांवर डोक्यावरून माती वाहिलेल्या बायका आज आज्या-पणज्या आहेत. त्यांनी घातलेले पाझर तलाव आणि नालाबांध अजून शिवारात आहेत.

याच काळात जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन कामं उभी राहिली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य जामखेडला आलं. तेव्हा त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी पावणेदोनशेच्या आसपास मुलं पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत. आरोळ्यांनी गावागावांतून बायका निवडायला सांगितल्या. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, अनेक दलित कुटुंबांतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. बाळंतपण, जुलाब, हिवताप, कुष्ठरोग यांचं शिक्षण घेऊन त्या आपापल्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या आरोग्य कार्यकर्त्यांपैकीच मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलल्या, आणि खेड्यातल्या बाईनं दिलेल्या आरोग्याच्या या धड्याला जगभरातल्या तज्ज्ञांनी उभं राहून दाद दिली. डॉक्टर आरोळे दाम्पत्य आज नाही. प्रकल्प त्यांची पुढची पिढी चालवते. गावानं निवडलेल्या त्या बायकांपैकी ज्या हयात आहेत, त्यांना त्यांचं गाव विसरलेलं नाही. अशा बाईला ‘आता कोण इचारतंय’ म्हणायची वेळ सहसा येत नाही, कारण रात्री-अपरात्री तिचं दार वाजवायची गावाला सवय लागलेली असते.

दुसरं काम राळेगणसिद्धीचं. १९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन किसन बाबूराव, म्हणजे अण्णा हजारे, पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी परतले तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. दारूच्या भट्ट्यांचं ते गाव पाणी अडवून उभं राहिलं. पुढे २०११च्या ऑगस्टमध्ये चौऱ्याहत्तर वर्षांचे अण्णा दिल्लीच्या रामलीला मैदानावर लोकपालाच्या मागणीसाठी उपोषणाला बसले आणि समोर बसलेल्या गर्दीत पंचविशीच्या आतले चेहरे भरलेले होते. मार्च २०१८ मध्ये त्याच मैदानावर ते पुन्हा बसले. या वेळी ती गर्दी नव्हती. माणूस तोच, मागणीही बरीचशी तीच. मधल्या सात वर्षांत तरुणांची आशा दुसऱ्या वाटांनी निघून गेली होती.

पिढ्यांमधल्या देवघेवीचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र हिवरे बाजारचं आहे. नगर तालुक्यातलं हे पर्जन्यछायेतलं गाव, पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. ऐंशीच्या दशकात इथली कर्ती माणसं कामासाठी बाहेर पडत आणि मागं राहिलेल्यांत दारू नि भांडणं. १९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी ज्येष्ठांकडे एका वर्षासाठी कारभार मागितला. पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार सरपंच झाले. वर्षभरात शाळेचं काम मार्गी लागलं, ग्रामसभा भरू लागली, आणि ज्येष्ठांनी पोरांना पुढची पाच वर्षं दिली. या गोष्टीत पवारांचं नाव सगळे घेतात, ते घ्यायलाच हवं. पण ज्या म्हाताऱ्यांनी आपला हात सैल सोडला, त्यांचंही कौतुक तेवढंच व्हायला हवं. कारभार सोडणं ही खेड्यात सोपी गोष्ट नसते.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे : डोंगरउतारावर सलग समतल चर, बांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही. दरवर्षी पावसाचं पाणी मोजून ग्रामसभा पिकं ठरवते. १९९५ मध्ये १८० पैकी १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० पर्यंत तीन उरली. विहिरींची संख्या नव्वदवरून तीनशेच्या घरात गेली. पोटासाठी शहरात गेलेली कुटुंबं परतली.

आता तिथं एक पूर्ण पिढी पाण्यातच वाढली आहे. तिनं टँकर पाहिला नाही. आजोबाला विहिरीत पाणी दिसलं की तो समाधानी होतो, कारण त्याची तुलना बहात्तरशी असते. नातू तुलना करतो ती लासलगावच्या कांद्याच्या भावाशी, पुण्यात लागलेल्या मित्राच्या पगाराशी, स्पर्धा परीक्षेच्या लांबलेल्या निकालाशी. शेती करतो म्हटल्यावर मुलगी मिळत नाही, हे तर आज घरोघरचं दुखणं झालं आहे. अशा मुलाला ‘आम्ही मिलो खाऊन दिवस काढले’ एवढं ऐकवून उमेद येत नाही. २०१७ साली राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी १ जूनपासून संप केला, भाजी नि दूध शहराकडे जाऊ दिलं नाही आणि महिना संपायच्या आत सरकारला ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. तो संताप होता, हे खरं. पण आपण काही केलं तर बदल होईल, असं वाटल्याशिवाय कुणी संप करत नाही. आजच्या तरुणांना निराश म्हणून मोडीत काढणं म्हणूनच चूक आहे.

ही दरी फक्त इथलीच नाही. अमेरिका-कॅनडात आता तरुण हे म्हाताऱ्यांपेक्षा कमी समाधानी आहेत, असं २०२४च्या जागतिक आनंद अहवालात नोंदलं आहे. भारतातही वाढत्या वयाबरोबर समाधान वाढताना त्याच अहवालाला आढळलं. त्याचं एक कारण स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन सांगतात : उरलेला काळ थोडा आहे हे कळलं की माणूस मनाला जवळचं आणि सुखाचं तेवढंच निवडून जपतो. हे पटण्यासारखं आहे, पण अपुरं. नगरच्या ज्येष्ठांची आशा नुसती मनाची शांतता नाही. आपल्या हातांनी बांध घातला आणि पाणी वाढलं, हे त्यांनी पाहिलं आहे. ती कमावलेली आशा आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. नातवंड आजारी पडलं, तेव्हा औषधं फवारलेल्या अन्नाचा संशय त्यांच्या मनात आला आणि त्या गावठी बियाणं जपायला लागल्या. वालाचे, भाताचे, भाज्यांचे कितीतरी वाण त्यांच्या बियाणं बँकेत जमले, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्याच यादीत पोपटराव पवारही होते. राहीबाईंनी नातवंडाला धीराच्या गोष्टी सांगितल्या असतीलच. पण त्याच्या ताटात पडेल असं बी हातात ठेवलं, हे महत्त्वाचं. आशा पुढच्या पिढीकडे जाते ती कामातून, आठवणी ऐकवून नव्हे.

बहात्तरला कामावर असलेल्या माणसांपैकी तेव्हा जे विशीत होते, ते आज सत्तरी पार करून गेले आहेत. गावातले किती पाझर तलाव गाळानं भरले, कुठला नाला कुठं वळवला होता, कुठल्या झऱ्याला उन्हाळाभर पाणी असायचं, हे कागदावर कमी आणि त्यांच्या डोक्यात जास्त आहे. गाळ काढायला सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, यंत्रं आहेत, मोबाइलवर नकाशे आहेत. ग्रामपंचायतींनी या उन्हाळ्यात गावच्या पोरांना त्या आजी-आजोबांबरोबर शिवारात पाठवावं आणि त्यांनी दाखवलेली प्रत्येक जागा गावनकाशावर नोंदवून घ्यावी. ही माणसं आहेत तोवरच हे होऊ शकतं.