पाहुणे पाखरं आणि आपली शेती

गहू-हरभऱ्याला पाणी देताना वाफ्यात शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षी तुम्ही पाहिलाच असेल. हा पाहुणा थंडीत उत्तरेकडून येतो आणि ओलीतले किडे टिपतो. असे हजारो पाहुणे एकाच जागी पाहायचे असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारीत निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरला एकदा जाऊन याच.

गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत हा बंधारा झाला. येथूनच गोदावरीचे डावा व उजवा कालवे निघतात. वर्षानुवर्षे गाळ साचून जलाशय उथळ झाला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. साठ्याचे नुकसान झाले खरे, पण पाखरांना उथळ पाणी आणि चारा मिळाला. 1986 साली अभयारण्य झाले आणि 2020 मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद जाहीर झाली.

चापडगावच्या मनोऱ्यावर सकाळी लवकर पोहोचा. भडक कपडे नकोत, गोंगाट नको. दुर्बीण असेल तर उत्तम. नारिंगी रंगाचे जोडीने फिरणारे चक्रवाक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचे तलवार बदक, काळे वारकरी, चिखल ढवळणारे चमचे असे कितीतरी पक्षी दिसतात. यातली बरीच बदके हिमालय ओलांडून येतात, बरं का!

तुम्ही म्हणाल, पाखरं पाहून आमच्या पदरात काय पडणार? उलट काठाच्या हरभऱ्यात थवा उतरला तर नुकसानच! तक्रार खरी आहे. पण दुसरी बाजूही पाहा. शेतावरून खालून उडणारा भोवत्या ससाणा उंदीर आणि नाकतोडे वेचतो. ही फुकटची पीकराखण आहे.

म्हणून काठच्या गावांनी एवढे करावे. पाखरे हुसकण्यासाठी चमकणाऱ्या फिती बांधा, राखण ठेवा. विष घालू नका. उंदरांचे विषारी आमिष बांधावर उघडे न टाकता बिळात घालून बीळ बुजवा. मेलेले उंदीर पुरून टाका, नाहीतर तेच खाऊन भोवत्या मरतो. बीजप्रक्रिया केलेले बी मातीआड करा. फवारणीचा पंप व डबे जलाशयात धुऊ नका. ते पाणी शेवटी आपल्याच गुरांच्या तोंडी जाते.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनीही लक्ष घालावे. गावचे सांडपाणी सरळ नदीत गेले की जलपर्णी फोफावते. मग पाखरांना जागा उरत नाही, मासेमारांची जाळी अडकतात आणि कालव्याच्या तोंडाशी पानांचा थर साचतो. शोषखड्डे घेतले तर तिघांचेही भले होईल. शिकारीचा फास किंवा विषप्रयोग दिसला तर वन खात्याला लगेच कळवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

यंदा शाळेच्या सहलीची जागा ठरवताना नांदूर मधमेश्वरचे नाव जरूर सुचवा. पोरांनी भोवत्या एकदा ओळखला, की बांधावर विष टाकणाऱ्या बापाला तीच अडवतील.