वेताळ गेला, बास्ट आली

जुलै २०२६ मध्ये ब्लॅक पँथरला साठ वर्षं पुरी होतात. अमेरिकेतल्या 'फँटास्टिक फोर' या कॉमिकच्या ५२ व्या अंकावर जुलै १९६६ अशी तारीख आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीने त्या अंकात वाकांडा नावाचं आफ्रिकी राज्य उभं केलं आणि त्याचा राजा टिचाला, म्हणजेच ब्लॅक पँथर, पहिल्यांदा वाचकांसमोर आणला. या राज्याचं दैवत काळा बिबट्या. पुढे त्या दैवताला बास्ट हे नाव मिळालं आणि ते नाव थेट प्राचीन इजिप्तच्या मांजरदेवीचं होतं. हजारो वर्षांपूर्वीची ही देवी आज नांदेड-लातूरच्या पोरांना तोंडपाठ आहे. मला बोच आहे ती याच्या दुसऱ्या बाजूची.

मध्यंतरी लातूरला नात्यातल्या एका घरी पाचवी होती. पाटा-वरवंटा मांडलेला, हळद-कुंकू वाहिलेलं, शेजारी कोरा कागद आणि पेन. सातवी-आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "हा कागद कशाला?" चाळिशीच्या आतल्या एकाही माणसाला नीट उत्तर देता आलं नाही. "असतं तसं," एवढंच कोणीतरी म्हणालं. शेवटी आतल्या खोलीतून म्हातारी आत्या आली आणि तिने सांगितलं, की आज रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. हाच मुलगा तासाभरापूर्वी मला बास्टची गोष्ट सांगत होता. आकाशातून उल्का पडली, पाच टोळ्या आपसात लढल्या, बास्टने एका योद्ध्याला दृष्टांत दिला, त्याला औषधी वनस्पती दाखवली आणि तो पहिला ब्लॅक पँथर झाला. एक शब्द चुकला नाही. पोराचा यात काही दोष नाही. बास्टची गोष्ट त्याला कोणीतरी मन लावून सांगितली होती, सटवाईची कोणी सांगितलीच नव्हती.

बास्ट मूळची नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या बुबास्तिस गावची. आधी तिचं तोंड सिंहिणीचं, पुढे मांजराचं झालं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने तिच्या यात्रेचं वर्णन करून ठेवलंय. होड्या भरभरून माणसं येत, बाया खुळखुळे वाजवत, पुरुष पावा, बाकीचे गात आणि टाळ्या पिटत. सात लाख लोक जमतात असं स्थानिकांनी त्याला सांगितलं होतं. घरातलं मांजर मेलं तर माणसं भुवया उतरवत, असंही तो लिहितो. आपल्याकडे मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला नेऊन द्यावं लागतं, असं आज्या सांगायच्या. त्यामुळे यातलं फारसं काही आपल्याला परकं नाही. तिथला धर्म बदलला, देवळं पडली. १८९० मध्ये इजिप्तमधून मांजरांच्या ममी टनांनी लिव्हरपूलला आल्या आणि शेतात खत म्हणून विकल्या गेल्या. जिचं रूप मांजराचं, त्या देवीची ही गत झाली होती. आणि शतक-सव्वाशे वर्षांत तीच देवी जगभरच्या मुलांच्या तोंडी आली.

इजिप्तशी आपला संबंधही जुना आहे. लातूरहून तासा-दीड तासावर असलेलं तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि तिथून जहाजाने इजिप्तच्या बंदरांकडे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही पाहता येतात. शाळेच्या सहली मात्र छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याकडेच निघतात.

आता आपल्याकडच्या कॉमिक्सकडे येतो. साठ आणि सत्तरच्या दशकांबद्दल मला फार सांगायचं नाही. टाइम्स समूहाची 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ मध्ये सुरू झाली, त्याच सुमारास तिथे काम केलेल्या अनंत पै यांनी १९६७ पासून 'अमर चित्र कथा' काढली, मद्रासहून 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत येत होताच. हे सगळं मोठ्या शहरांत आधी पोहोचलं. मी सांगणार आहे ते ऐंशीच्या दशकाबद्दल, कारण ते मी नांदेडात जगलो.

वजिराबादेत एका रद्दीवाल्याकडे सुतळीने बांधलेले इंद्रजालचे गठ्ठे असायचे. तिथेच बसून वाचायचं, नाहीतर एका दिवसाच्या भाड्याने घरी न्यायचं. अंकाच्या पाठीवरची पिन गंजलेली, मधलं पान सुटलेलं, कडेला कोणाच्या तरी चहाचा डाग. मुखपृष्ठ मात्र तसंच ताजं. बी. गोविंद यांची ती मुखपृष्ठं पाहिली की हातातला अंक खाली ठेवावासा वाटायचा नाही. आत असायचा वेताळ. ली फॉकने १९३६ मध्ये अमेरिकेत काढलेला 'फँटम' मराठीत आला तेव्हा त्याला वेताळ हे नाव दिलं गेलं आणि माझ्या मते त्या एका नावाने तो आमचा झाला.

कारण वेताळ आम्हाला माहीत होता. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला गोटा म्हणजे वेताळ. अवसेच्या रात्री भुतांचा लवाजमा घेऊन तो शिवारातून फिरतो, हे आम्ही आजोळी ऐकलेलं. कॉमिकमधला वेताळही जंगलाच्या शिवेचा राखणदार, कवटीच्या गुहेत राहणारा, मरत नाही अशी ख्याती असलेला. त्यात तो पांढऱ्या घोड्यावर बसायचा आणि शेजारी त्याचा लांडगा धावायचा. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दर मार्गशीर्षात जाणाऱ्या पोराला हे चित्र कुठे पाहिलंय ते सांगावं लागत नव्हतं. यात्रेत विकायला असलेल्या तसबिरीत खंडोबा आणि म्हाळसा पांढऱ्या घोड्यावर, हातात उगारलेलं खड्ग, घोड्याच्या पायाशी दैत्य आणि त्याच्या मांडीला तोंड घातलेला कुत्रा. एका हातात भंडाऱ्याची पुडी आणि दुसऱ्या हातात इंद्रजालचा अंक घेऊन मी यात्रेतून परतलो आहे. दोन्हींत मला कधी भांडण दिसलं नाही.

त्या वेताळाचे दोषही आज सांगितले पाहिजेत. तो गोरा होता, आफ्रिकेच्या जंगलात राज्य करत होता आणि काळी माणसं त्याला देव मानत होती. पिढ्यान्‌पिढ्या बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो, हे गुपित जंगलातल्या बहुतेक टोळ्यांपासून लपवलेलं होतं. इंद्रजालच्या संपादकांनी भारतीय वाचक दुखावू नये म्हणून बेंगालाचं डेंकाली केलं, सिंघ चाच्यांचं सिंगा केलं, पण गोष्टीच्या आतला हा माज तसाच राहू दिला. वेताळानंतर तीस वर्षांनी आलेला ब्लॅक पँथर याला मोठं उत्तर होता. इथे आफ्रिकी राज्याचा राजा आफ्रिकी होता, त्याचं विज्ञान गोऱ्यांच्या पुढे होतं आणि त्याची देवी आफ्रिकेच्याच मातीतून उचललेली होती. १९९८ पासून ख्रिस्तोफर प्रीस्ट या काळ्या लेखकाने ही मालिका लिहिली, २०१६ पासून टा-नेहिसी कोट्सने. ज्यांची गोष्ट, त्यांच्या हाती लेखणी गेली.

आपल्याकडे लेखणी कोणाकडेच गेली नाही, याचा मला राग आहे. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये 'बहादूर' उभा केला, तो इंद्रजालमधला आपल्या मातीतला नायक. तेवढ्यावरच गाडी थांबली. अमर चित्र कथेत राम-कृष्ण आले, ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम आले आणि ते आवडीने वाचले. पण शिवेवरचे, झाडाखालचे, विहिरीच्या काठावरचे देव मला चित्रांत कधी भेटले नाहीत. मराठवाड्यात सटवाई, मरीआई, म्हसोबा गावोगाव आहेत. माहूरची रेणुका आहे, तिचा तो शेंदराने माखलेला, नजरेत न मावणारा मुखवटा आहे. एखाद्या चित्रकाराने आयुष्य काढावं एवढा हा ऐवज आहे.

आणि ज्यांच्या हातात मुलं होती त्यांनी काय केलं? आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी दप्तरात सापडलेला इंद्रजालचा अंक सगळ्या वर्गासमोर उभा-आडवा फाडला. "चित्रं बघून डोकं बिघडतं," हे त्यांचं वाक्य. तो अंक भाड्याचा होता, पैसे आईने भरले. असे मास्तर तेव्हा घरोघरी होते. 'चांदोबा'मधला विक्रम आणि वेताळ, चित्रकार शंकर यांनी काढलेलं ते खांद्यावरचं प्रेत, आम्ही पांघरुणाखाली टॉर्च लावून पाहायचो. विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात मोठ्यांसाठी व्याख्यानं होती, वाद होते, ग्रंथ होते. मुलांच्या हातात चित्रांचं पुस्तक द्यावं, हे कोणाच्या मनात आलं नाही.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं. रद्दीवाल्याने गठ्ठे काढून टाकले आणि त्या जागी गाइडं आणि अपेक्षित प्रश्नसंच रचले. परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नचं नाव तेव्हा राज्यभर होऊ लागलं होतं. त्या पॅटर्नने मराठवाड्यातल्या गरीब घरांतून डॉक्टर आणि इंजिनिअर घडवले, हे मान्य करायलाच हवं. पण त्याने मुलाचा रिकामा वेळ पार खाल्ला आणि गोष्ट त्या रिकाम्या वेळातच रुजते. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, पन्नासच्या आसपास गावं मूळ जागा सोडून नव्याने वसवली गेली. सरळ रेषेतले रस्ते आणि एकसारखी घरं मिळाली, ती गरजेचीच होती. पण जुनी शीव मागे पडली आणि शिवेबरोबर शिवेवरच्या देवांच्या गोष्टीही.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं केबल, मग मोबाइल. 'चांदोबा' अडखळत २०१३ च्या सुमारास थांबला. मराठी पालकांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातलं आणि गोष्टीही तिथूनच येतील असं गृहीत धरलं. त्या आल्याही. फेब्रुवारी २०१८ मध्ये रायन कूगलरचा 'ब्लॅक पँथर' आला. सुरुवातीलाच बाप मुलाला बास्टची गोष्ट सांगतो, म्हणजे चित्रपट उघडतो तोच गोष्ट सांगण्यावर. त्यात डोंगरातली जबारी टोळी हनुमानाला मानते. जगभर ते नाव ऐकू आलं, आपल्याकडे सेन्सॉरने आवाज बंद केला. परक्या माणसाने आपल्या देवाचं नाव आदराने घेतलं आणि आपण त्याचंच तोंड दाबलं! ज्या समाजाला देवाची नवी गोष्ट ऐकायची भीती वाटते, त्याचे देव जुन्या गोष्टींसकट विसरले जातात. टिचालाची भूमिका करणारा चॅडविक बोसमन २०२० मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला, तेव्हा नांदेडातल्या पोरांनी वाकांडाच्या सलामीसारखे छातीवर हात आडवे धरून फोटो टाकले. ते दुःख खरं होतं. गोष्टीने बांधलेलं नातं असं असतं.

बास्ट परत आली ती चमत्काराने नाही. विद्वानांनी तिची माहिती खणून काढली, ती पुस्तकांत नीट लावली, मग लेखक-चित्रकारांनी ती उचलून मुलांपुढे मांडली. यातली पहिली पायरी आपल्याकडे कधीच झालेली आहे. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबावर आणि लज्जागौरीवर आयुष्य वेचलं, प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्याची लोकसंस्कृती गावोगाव फिरून लिहून ठेवली. ते ग्रंथ ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. पुढची पायरी चढायची राहिली आहे.

म्हणून नांदेड-लातूरच्या तरुण चित्रकारांना, लिहिणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना माझं सांगणं आहे. ढेरे आणि मांडे यांची पुस्तकं हातात घ्या, माळेगावला आणि माहूरला जा, म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि सटवाईचं, वेताळाचं, खंडोबाचं एकेक चित्रपुस्तक मराठीत काढा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने त्याला हात द्यावा. पुढच्या मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत तसबिरींच्या दुकानांशेजारी असं एक तरी पुस्तक विकायला असेल, तर मुलं ते घेतील. बास्टने त्यांना गोष्टीची भूक लावूनच ठेवली आहे.