थेंबाचे छायाचित्र किती खरे?

डेल्फ्टच्या लेवेनहुकने १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्मजीव भिंगातून पाहिले. चित्रे मात्र तो चित्रकाराकडून काढून घेई. कॅमेरा आला आणि हा मधला माणूस गेला, असे मीही बरीच वर्षे समजत होतो.

पॅरामेशियम सुमारे पाव मिलिमीटर लांब, पण पारदर्शक. सूक्ष्मदर्शकाच्या कंडेन्सरचा पडदा पूर्ण उघडला, की तो उजेडात विरून जातो. पडदा आवळला, की कडा ठसठशीत उमटतात आणि छायाचित्र देखणे होते. मात्र बारीक तपशील बुजतात, कडेलगत नसलेल्या रेषा दिसू लागतात. अशाच एका रेषेची मी वहीत ‘दुसरे आवरण’ म्हणून नोंद केली होती.

याचे मूळ एर्न्स्ट आबेने १८७३ मध्ये मांडले. जवळचे दोन बिंदू वेगळे दिसणे प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि प्रकाशशंकूच्या रुंदीवर ठरते. पडदा आवळला, की शंकू अरुंद होतो. उत्तम भिंगालाही सुमारे ०.२ मायक्रॉनची मर्यादा आहेच.

म्हणून शंका आली की पडदा हळूहळू उघडावा. खोटी रेषा विरते, खरी रचना टिकते. आणि छायाचित्राखाली भिंगाबरोबर पडद्याची स्थितीही लिहावी. मधला माणूस आता आपणच असतो.