श्वासाचे मशीन घरात आले, आता ते सांभाळू कसे?



घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, असा समज आपल्या घराघरांत आहे. ‘दिवसभर राबतो, म्हणून घोरतो’ असे म्हणून आपण कूस बदलतो. पण घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, श्वास अडकतो, आणि मग माणूस दचकून, गुदमरून मोठा श्वास घेतो. असे रात्रभर होत असेल तर तो आजार आहे. डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचा मार्ग ढिला पडून बंद होतो आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो. तासाला तीसपेक्षा जास्त वेळा असे होत असेल तर आजार तीव्र समजतात.

अशा माणसाची झोप कधी पुरीच होत नाही. सकाळी डोके दुखते. कामावर डुलक्या लागतात. रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि लकव्याचा धोका वाढतो. गाडी चालवणाऱ्याला स्टिअरिंगवर झोप लागली, तर त्याच्यासोबत दुसऱ्यांचाही जीव जातो. संगीतकार बप्पी लहरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा त्यांना याच आजाराचा त्रास होता असे डॉक्टरांनी सांगितले, आणि पहिल्यांदाच हे नाव पुष्कळांच्या कानावर पडले.

वस्तीतल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. कामावर डुलकी लागली की मुकादम म्हणतो, ‘रात्री घेतली असेल.’ घरचे म्हणतात, ‘आळशी झालाय.’ ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या आळशी म्हणून हिणवले गेले, त्या समाजातल्या कष्टकऱ्याचा आजार ओळखायचा सोडून त्याला पुन्हा तोच शिक्का मारला जातो. म्हणून आरोग्याचे काम करणारे आम्ही बायका-माणसे फुलंब्री आणि आसपासच्या गावांत घरी गेलो की रक्तदाब, साखर विचारतो, तसे झोपेबद्दलही विचारतो. आणि हे घरच्या बाईला विचारावे लागते. ज्याला आजार असतो त्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही.

मशीन काय करते?

तपासणीत आजार पक्का झाला की पुष्कळांना सीपॅप नावाचे मशीन वापरायला सांगतात. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत पहिल्यांदा जगापुढे मांडली. नाकावर मास्क लावून हवेचा हलका, सततचा दाब द्यायचा. त्या दाबाने घशाचा मार्ग उघडा राहतो आणि श्वास अडकत नाही. हे ऑक्सिजनचे मशीन नाही. खोलीतलीच हवा ते आत ओढते, गाळते आणि नळीतून देते. म्हणजे खोलीत धूर, धूळ, घाण असेल तर तेच मशीनमध्ये जाणार. आणि मशीन आजार मुळापासून काढत नाही. चष्मा लावला तोवर दिसते, तसे मशीन लावले त्या रात्रीपुरता श्वास मोकळा राहतो.

मशीन तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते. कुणी कर्ज काढून घेते, कुणी नातेवाइकाचे वापरलेले आणते. सुरुवातीचे चार-सहा महिने ते नीट चालते. मग मास्कला वास येतो, नाकावर लाल चट्टा उठतो, नळीत पाणी गुडगुडते, आणि एक दिवस मशीन पेटीत जाते. ‘सोसत नाही’ असे सांगितले जाते. पण पुष्कळ वेळा मशीन सोसत असते, घाण झालेले मशीन सोसत नाही. पेटीतल्या मशीनने कुणाचा श्वास चालत नाही. म्हणून ही सफाई नीट समजून घेऊ.

रोज सकाळी, पाच मिनिटे

आधी स्विच बंद करून प्लग काढा. मशीनला पाण्याची टाकी असेल तर ती बाहेर काढून रात्रीचे उरलेले पाणी ओतून द्या. तेच पाणी दुसऱ्या रात्री वापरायचे नाही. टाकी विसळून उघडी सुकू द्या.

मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड कोमट पाण्यात, साध्या सौम्य साबणाने धुवा. लहान बाळाचा साबण चालतो. घाम आणि चेहऱ्याचे तेल तिच्यावर साचले की मास्क घट्ट बसत नाही, हवा गळते आणि कातडी सोलवटते. रात्री मास्क लावण्यापूर्वी तोंड धुवावे, चेहऱ्याला खोबरेल किंवा क्रीम लावू नये.

सगळे सावलीत सुकवा. कडक उन्हात मास्क आणि नळी कडक होऊन चिरतात.

आठवड्यातून एकदा, नीट धुणे

एक वार ठरवून घ्या. रविवारी विहारात वंदनेला जाण्यापूर्वी धुवायला टाकले, तर रात्रीपर्यंत सुकते.

एका स्वच्छ टोपल्यात कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण घ्या. मास्कचे भाग सुटे करा. मास्क, डोक्याचे पट्टे, नळी आणि टाकी त्यात धुवा. नळी पाण्यात बुडवून आतून पाणी खेळवा. मग साध्या स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा खळबळून घ्या. साबण राहिला तर त्याचा वास रात्रभर नाकात जातो. नळी दोरीवर मधोमध टाकून दोन्ही तोंडे खाली सोडा, म्हणजे पाणी निथळते. ओली नळी मशीनला जोडू नका. वायर असलेली, गरम होणारी नळी असेल तर ती कशी धुवायची ते मशीनच्या पुस्तिकेत पाहा किंवा देणाऱ्याला विचारा.

मशीनचा डबा पाण्यात घालायचा नाही. ओलसर फडक्याने बाहेरून पुसायचा, तोही प्लग काढूनच.

काय वापरायचे नाही तेही लक्षात ठेवा. फिनाईल, डेटॉल, ब्लीचिंग, स्पिरिट, सॅनिटायझर, कपड्याची पावडर आणि उकळते पाणी यांनी रबर आणि प्लास्टिक खराब होते, आणि उरलेला अंश श्वासात जातो. टाकीच्या पाण्यात निलगिरीचे तेल, बाम, अत्तर काही टाकू नका. ओझोनने किंवा किरणांनी मशीन साफ करणारे डबेही विकले जातात. त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती. साबण-पाणी पुरेसे आहे, आणि ते स्वस्तही आहे.

पाण्याचा प्रश्न

पाण्यासाठी ज्या समाजाने १९२७ साली महाडचा सत्याग्रह केला, त्या समाजाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. पण या टाकीत कोणते पाणी घालायचे, ते सांगावे लागते.

आपल्याकडे बोअरचे पाणी जड आहे. उन्हाळ्यात टँकरचे येते. असे पाणी टाकीत घातले की काही दिवसांतच तळाला पांढरा थर बसतो. त्या थरात घाण धरते आणि टाकी लवकर खराब होते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार तसेच राहतात. जारचे पाणी म्हणजेही डिस्टिल्ड वॉटर नव्हे. मशीनसाठी डिस्टिल्ड वॉटर सांगतात. ते मेडिकलवाल्याला सांगून मागवता येते. गॅरेजमधले बॅटरीचे पाणी मात्र आणू नका. ते श्वासासाठी बनवलेले नसते.

डिस्टिल्ड पाणी संपले म्हणून मशीन बंद ठेवायची गरज नाही. बहुतेक मशीन टाकीतले पाणी नसतानाही हवा देतात. त्या रात्री टाकी रिकामी ठेवा, पाणी गरम करण्याचे बटन बंद करा आणि झोपा. घसा थोडा कोरडा पडेल, पण श्वास अडकणार नाही.

पांढरा थर बसलाच असेल, तर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी टाकीत काही वेळ ठेवून धुवा, मग खूप खळबळा. खरवडू नका. टाकीला तडा गेला, गढूळपणा आला, तर ती बदलावीच लागते.

फिल्टर: छोटी वस्तू, मोठे काम

मशीनच्या मागे किंवा बाजूला फिल्टर असतो. पांढरा, कागदासारखा फिल्टर धुवायचा नसतो. तो मळला की फेकून नवा लावायचा. काही मशीनला राखाडी स्पंजसारखा फिल्टरही असतो. तो धुऊन, पूर्ण सुकवून पुन्हा लावता येतो. कंपनीने लिहिलेली मुदत स्वच्छ घरासाठी असते. आपल्याकडे कापूस वेचणीचा हंगाम, मका काढणी, रस्त्याची धूळ, शेजारची चूल हे सगळे आहे. म्हणून दर पंधरा दिवसांनी फिल्टर उघडून पाहा. काळपट दिसला तर मुदतीची वाट पाहू नका.

मच्छर अगरबत्ती, कॉइल, धूप, बिडी यांचा धूर त्या खोलीत नको. त्याऐवजी मच्छरदाणी लावा. बुद्धमूर्तीपुढची अगरबत्तीही मशीन चालू असताना दुसऱ्या खोलीत किंवा संध्याकाळीच लावून घ्यावी.

एका खोलीच्या घरात

मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवतात, म्हणजे नळीत साचलेले पाणी नाकाकडे येत नाही. खाटेवर झोपत असाल तर बुटक्या स्टुलावर ठेवा. जमिनीवर अंथरूण असेल तर पाटावर ठेवा, आणि थंडीत नळीला सुती कापड गुंडाळा; नळी गार पडली नाही तर आत पाणी कमी धरते. टाकीत पाणी असताना मशीन हलवू नका. पाणी आत गेले तर मशीन जळते.

झुरळे, मुंग्या, उंदीर यांच्यापासून सांभाळा. नळी सुकली की उंच टांगा. मशीनवर दिवसा स्वच्छ सुती कापड टाका. हवा घेणाऱ्या जागेवर रात्री चादर किंवा पडदा येऊ देऊ नका.

लाईट गेली तर मास्क काढा. मशीन बंद असताना मास्कमध्ये ताजी हवा पुरेशी येत नाही. विजेचा दाब खालीवर होत असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवून स्टॅबिलायझर लावा. इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर पाणी गरम करणे बंद ठेवा. वीज सगळ्यात जास्त तेच खाते.

वापरलेले मशीन घेताना

एखादे माणूस गेल्यावर त्याचे मशीन दुसऱ्याच्या उपयोगी यावे, ही भावना चांगली आहे. पण तीन गोष्टी पाळा. मास्क, नळी, फिल्टर आणि टाकी नवीन घ्या. हवेचा दाब डॉक्टरांकडून तुमच्यासाठी ठरवून घ्या. एकाचा दाब दुसऱ्याला चालेलच असे नाही. आणि मशीनच्या पाठीमागचा मॉडेल व सीरियल नंबर कंपनीच्या सेवा केंद्रात तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली कितीतरी जुनी मशीन परत मागवली होती. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. नळीत किंवा मास्कमध्ये काळे कण दिसले तर ते झटकून पुन्हा मशीन लावू नका, लगेच डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे कधी?

मशीन लावूनही घोरणे परत आले, दिवसा झोप येऊ लागली, सकाळी डोके दुखते, नाकातून रक्त येते, नाकावर जखम झाली, वारंवार सर्दी, खोकला, ताप येतो, तर दाखवा. सर्दी झाली असेल तेव्हा मास्क आणि टाकी रोज साबणाने धुवा. पहिली विचारपूस फुलंब्रीच्या ग्रामीण रुग्णालयात करता येते. पुढे छत्रपती संभाजीनगरला घाटीत छातीविकार किंवा कान-नाक-घसा विभागात जावे. खर्चाची अडचण असेल तर तिथले समाजसेवा अधीक्षक आणि योजनेचे आरोग्यमित्र यांना भेटा. कोणत्या योजनेतून काय मिळते ते स्पष्ट विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, तो आपला हक्क आहे.

दारूबद्दलही सांगितले पाहिजे. दारूने आणि झोपेच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि श्वास जास्त वेळ थांबतो. पाचवे शील आपण दर वंदनेत म्हणतो. या आजारात तेच औषध आहे.

हे काम कुणाचे?

घरात मशीन आले की धुण्याचे काम न विचारता बाईच्या वाट्याला येते. ती आधीच पहाटे पाण्यासाठी उठलेली असते. ज्याच्या नाकावर मास्क लागतो, त्याचे हात चालत असतील तर त्याने तो स्वतः धुवावा. बाबा, दादा, काका, पाच मिनिटांचे काम आहे. म्हातारे आई-वडील असतील, हात थरथरत असतील, तर मुलगा असो की सून, आळीपाळीने करावे. आजारी भिक्खूकडे कुणी बघत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, ही गोष्ट आपल्या विहारांत नेहमी सांगितली जाते. शास्त्यांनी जे काम हलके मानले नाही, ते आपण का मानावे?

वर्षावासात ग्रंथवाचनाला विहारात सगळे जमतात. त्यातली दहा मिनिटे आरोग्याला द्या. ज्याच्या घरी मशीन आहे त्याने मास्क आणून दाखवावा, कसा धुतो ते सांगावे. ज्या घरात कुणी घोरताना गुदमरते, त्या घरच्या ताईने तिथेच बोलून टाकावे. आणि ज्याचे मशीन पेटीत पडले आहे, त्याने ते आजच बाहेर काढावे. फिल्टर नवा लावा, मास्क धुवा, कड चिरली असेल तर बदला, आणि बरेच महिने बंद असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून सुरू करा.

नमो बुद्धाय, जय भीम!